ताईचा पत्ता

"हेमलताचा भाऊ बोलतोय. ताईचा नवा पत्ता मिळेल का? भाऊबीजेला न सांगता दारात उभा राहीन म्हणतो."

कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची माहिती धुमाळांच्या कॉम्प्युटरवर असायची. ती बाहेर सांगायची नाही, असा नियमच होता. पण फोन धरलेल्या स्वतःच्या मनगटावरच्या विटक्या राखीकडे पाहून त्यांना भरून आलं, आणि खोली नंबरासकट पत्ता त्यांनी सांगून टाकला.

भाऊबीजेनंतर हेमलता आली ती कपाळाला पट्टी बांधून, हातात राजीनामा घेऊन. "नवऱ्यानं शोधून काढलंच मला. त्याला पत्ता कुणी दिला, देव जाणे!"

धुमाळांनी मान खाली घातली. "मीच दिला गं. तुझा भाऊ बोलतोय म्हणाला."

ती त्यांच्या मनगटाकडे बघत राहिली.

"मला भाऊ असता, तर ही राखी तुम्हाला कशाला बांधली असती, दादा?"