सुंदरजाचा पहिला चमचा
रीव्याच्या सरकारी रोपवाटिकेत गजाननरावांनी तीस वर्षं सुंदरजा आंब्याची कलमं बांधली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर दीड महिना ते एक शब्दही बोलले नव्हते. जेवणही नाकातल्या नळीतून चाललं होतं. आज भोपाळला कोलार रोडच्या घरी थेरपिस्ट आली होती. “एक चमचा देऊन बघू. गिळलं तर नळी काढता येईल. ठसका लागला तर थांबायचं,” ती म्हणाली. अपर्णाने बाजारभर शोधून आणलेल्या सुंदरजाचा गर वडिलांच्या जिभेवर ठेवला. तोंड मिटलं, गळा हलेना. थेरपिस्टने गळ्यावर बोटं टेकवली. “बाबा, गिळा ना,” अपर्णा कुजबुजली. डोळे मिटून ते गर घोळवत राहिले. अखेर कंठ वर सरकला, खाली आला. ठसका लागला नाही. अपर्णाने रोखलेला श्वास सोडला, तोच वडिलांच्या कपाळावर आठ्या उमटल्या. जड जिभेने ते म्हणाले, “सुंदरजा नाही... दशहरी.”