फुटाणीची कुरकुर

फुटाणी मांजर विजूच्या मांडीवर चढली, तसा तिच्या गळ्यातला पट्टा बोलला, "कुरकुर वाढली."

थोरल्या जाऊबाई सोफ्यावरून हसल्या. "माझ्याकडे नाही गं कधी कुरकुर करत."

तेही खरंच होतं. हृदयाचे ठोके ऐकून बोलणारा तो पट्टा जाऊबाईंच्या मांडीवर 'शांत' म्हणायचा. गटारातून फुटाणीला उचलून आणलं विजूने, बाटलीने दूध पाजलं विजूने, आणि कुरकुरही विजूपाशीच! धुसफुसतच तिने फुटाणीला दवाखान्यात नेलं.

"माझं काय चुकतं, डॉक्टर?"

"अहो, ती तक्रार नाही," डॉक्टर कानविंदे म्हणाले. "हृदयातून रक्त खळखळत जातं, त्या आवाजाला इंग्रजीत मर्मर म्हणतात; कुरकुरीलाही तिथे तोच शब्द. पट्टा बनवणाऱ्यांनी मराठीत त्याची कुरकुर केली. ठोके वाढले की हिची मर्मर वाढते."

"म्हणजे ही मला घाबरते?"

"घाबरली असती तर आपणहून मांडीवर चढली असती का? तुम्हाला बघून हरखते ती."

विजूला जाऊबाईंना कधी एकदा सांगते असं झालं.

"पण हृदयाची भिंत जाड झालीय," डॉक्टर म्हणाले. "ही धडधड तिला सोसणार नाही. जिथे शांत असते तिथेच राहू द्या."

घरी येऊन विजूने फुटाणीला जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"शांत," पट्टा बोलला.

"बघ! सांगत नव्हते मी?" जाऊबाई म्हणाल्या.

उत्तर विजूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा आवाज ऐकूनही फुटाणीची धडधड वाढली असती. किणकिण नको म्हणून तिने बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि पाय न वाजवता ती स्वयंपाकघरात निघून गेली.