डावीकडचा किल्ला

“उजवीकडे कशाला बसतेस? गाळ बघायला?” फोल्कमारने गुद्रुनची खुर्ची उचलून डाव्या कठड्याशी ठेवली. “किल्ला इकडे आहे.”

“बावीस वर्षं तोच किल्ला बघतेय,” ती म्हणाली, पण बसली.

दर सप्टेंबरला तो तिला ऱ्हाइनच्या या बोटीवर आणायचा. माइन्झला चढायचं, कोब्लेंझला उतरायचं. मधे दोन्ही काठांना द्राक्षमळे आणि वळणावळणाला किल्ले. तिचा नवरा नोर्बर्ट बावीस वर्षांपूर्वी याच महिन्यात गाडीसकट नाहीसा झाला होता. फोल्कमार त्याचा जिवलग दोस्त. घरात बसून कुढू नकोस, म्हणून त्यानेच ही सफर सुरू केली. असा मित्र शोधून सापडायचा नाही, असं सगळं गाव म्हणायचं.

गाव आणखीही बरंच म्हणायचं. बिंगेनच्या एका केस कापणारीचा हात धरून नोर्बर्ट पळाला, हे तर बेकरीतल्या पोरींनाही पाठ होतं. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? गुद्रुनला मात्र ते आतून खात होतं. तो मेला असता तर ती रडून मोकळी झाली असती. तो आपल्याला सोडून गेला का, एवढंच तिला मरण्याआधी कळायला हवं होतं.

“कोब्लेंझ येईपर्यंत उत्तर देणार होतीस,” आलूबुखाऱ्याचा केक कापत फोल्कमार म्हणाला.

“लग्नाचं? अरे, सत्तरीला आलोय आपण.”

“म्हणून तर घाई करतोय.”

तिला हसू आलं. “मनातून जात नाही रे तो. दाराची घंटा वाजली की अजून वाटतं, आला.”

“यायचा असता तर एव्हाना आला असता.”

तेही खरंच होतं. या माणसाने बावीस वर्षं एका शब्दाने कुरकुर केली नव्हती. त्याला आणखी किती ताटकळत ठेवायचं? मनातल्या मनात तिने होकार देऊनही टाकला होता.

यंदाच्या उन्हाळ्याने नदी पार आटवली होती. इतकं कमी पाणी तीस वर्षांत पाहिलं नाही, असं कप्तानाने सकाळीच सांगितलं होतं. बोट गोगलगायीच्या चालीने निघाली होती.

वळण आलं. बायकोला घाबरून बुरुजावर झोपणाऱ्या सरदाराची गोष्ट फोल्कमार सांगू लागला. दरवर्षी याच ठिकाणी तो ती सांगायचा आणि दरवर्षी ती हसायची.

“ते बघा, गाडी आहे तिथे,” उजवीकडून कुणीतरी म्हणालं.

माणसं उठून तिकडे गेली. गुद्रुनही गेली. नदीतल्या बेटामागच्या उघड्या पडलेल्या गाळातून एका गाडीचा हिरवा टप वर आला होता. टपावर सामानाची वाकडी जाळी होती, नोर्बर्टने स्वतः ठोकून बसवलेली.

तिने कठड्यावरून वाकून पुन्हा पाहिलं. मग हुंदका फुटला, आणि लाज वाटावी इतका त्यात आनंद होता. ती धडपडत परत आली. फोल्कमार जागचा हलला नव्हता. किल्ल्याकडेच बघत होता.

“तो मला सोडून गेला नव्हता रे,” ती म्हणाली. “चालवताना डोळा लागला असेल, नाही का? झोपेतच गेला असेल. त्याला कळलंही नसेल.”

फोल्कमारने मान वळवली नाही.

“नाही गं,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत मला हाका मारत होता.”