अठरा किलो

किसुमूच्या बाजारात ओगोलाने जुन्या बाबागाड्या ओळीने मांडल्या होत्या. अकोथने प्रत्येक गाडीचा पट्टा ओढून पाहिला, ब्रेक दाबला. शेवटच्या गाडीत तिने शेजारच्या दुकानातून आणलेल्या मक्याच्या पिठाच्या पुड्या रचल्या, बरोबर अठरा किलो होतील एवढ्या, आणि ती गाडी खडीवरून दोनदा फिरवली.

"अहो ताई, लेकरू न्यायचंय की गिरणी काढायचीय?" ओगोला हसला.

"लेक आहे. मान टेकली तर ही पाठ धरेल ना? बाजूला कलंडणार नाही ना ती?"

"राणीसारखी बसेल. चालते का?"

"अजून नाही."

"मग एवढी पारख कशाला करता? वर्षभरात पळायला लागेल, गाडी कोपऱ्यात धूळ खात पडेल, आणि तुम्हीच ती परत माझ्याकडे विकायला आणाल."

अकोथने पुड्या एकेक करून बाहेर काढल्या. शेवटची काढून झाल्यावर कंबरेवर हात ठेवत ती हळूहळू सरळ उभी राहिली.

"तुमच्या तोंडात साखर पडो, दादा. नऊ वर्षं तिला पाठीवर घेऊन मी हेच ऐकतेय."