‘हो’च राहील

साकीनाक्याच्या गाळ्यात साहेब गिऱ्हाइकाला त्याचं टाइप झालेलं पुस्तक कॉम्प्युटरवर दाखवत होते आणि ते टाइप करणारी रत्नप्रभा मागे पर्स कवटाळून उभी होती. टायपिंगचा प्रोग्राम बंद करताना मशीन विचारायचं, ‘फाइल पुसू?’ आणि उत्तराच्या जागी ‘हो’ आधीच लिहिलेलं असायचं. श्रावणात तिने घाईत एंटर दाबलं आणि हेच पुस्तक अख्खं उडालं. “तिथे ‘नाही’ ठेवूया,” ती म्हणाली, तर साहेब सगळ्यांदेखत खेकसले, “‘हो’च राहील! डोळे फुटले होते का? वाचायचं ना!” पुन्हा सगळं टाइप करता करता तिचा गावचा गणपती हुकला. आज बढाया मारता मारता साहेबांनी प्रोग्राम बंद केला आणि प्रश्न न बघताच एंटर दाबलं. स्क्रीन कोरी झाली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “रत्ना, कॉपी केलीयस ना गं?” पर्समधली, पुस्तकाची कॉपी असलेली फ्लॉपी घट्ट धरून ती गोड आवाजात म्हणाली, “नाही. वाचायचं ना, साहेब!”