जास्तीचा गूळ

बायकोच्या, वसुधाच्या, विरत चाललेल्या आठवणी यंत्राने पुन्हा तिच्या मेंदूत भरायच्या, असं मनोहररावांनी ठरवलं होतं. पण आजार यंत्राच्या पुढे पळाला. त्यांचा मुलगा निनाद वारला, हेच नेमकं ती विसरली. रोज जेवताना त्याचं पान मांडायची आणि सांगितलं की नव्याने हंबरडा फोडायची.

"भरणं राहू द्या," शेवटी ते डॉक्टरांना म्हणाले. "निनादच पुसून टाका. अख्खा."

दुसऱ्या दिवशी वसुधाने पानं घेतली.

"दोनच?" त्यांच्या तोंडून निसटलं.

"मग? तिसरं आहे कोण आपल्याकडे?" ती हसली.

आमटी गोडमिट्ट झाली होती, निनादला लागायची तश्शी.

"इश्श! एवढा गूळ कसा पडला माझ्या हातून?"

मनोहररावांनी आणखी वाटीभर मागून घेतली.