पाणी हवंय

अर्धांगवायूनंतर बाबांचं बोलणं एकट्या आईलाच कळायचं. म्हणून परदेशातल्या दादानं बाबांच्या बोलण्याची रेकॉर्डिंग्ज मागवली, आईनं सांगितलेले अर्थ त्यांना जोडून संगणकावरच्या एआय मॉडेलला ती भाषा शिकवली. धाकट्या बहिणीनं त्याची रिपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रामचं ऑनलाइन भांडार, घरच्या लॅपटॉपवर क्लोन केली, तर मॉडेलच्या फाइलीत जेमतेम तीन ओळी. "अगं, तो मॉडेलचा नुसता पत्ता," दादा फोनवर हसला. "एवढं धूड क्लोनबरोबर येत नाही, वेगळं उतरवावं लागतं." संध्याकाळपर्यंत ते उतरलं. बाबा माइकसमोर पुटपुटले आणि स्क्रीनवर उमटलं: 'पाणी हवंय.' धाकटीनं हरखून पेला पुढे केला. बाबांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा तेच पुटपुटले. पुन्हा पाणीच. "मॉडेल चुकतंय वाटतं," दादा फोनवरून म्हणाला. "मॉडेल नाही रे, मीच." आईनं पेला उचलला. "'थोरला कधी येतोय,' असं रोज विचारतात. तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून मी पाणी सांगितलं."